भिंतीच्या आखणीवर आलेला देव

देवाविरुद्ध तक्रार लिहून घ्यायची वेळ माझ्यावर सगळ्या नोकरीत एकदाच आली. निवृत्त झालो तरी ती घटना डोक्यातून जात नाही.

सुदुंबऱ्याच्या बाजूला, शेते जाऊन जिथे उंच इमारती उठल्या, तिथे मेट्रोसारख्या हलक्या रेल्वेचे नवे स्थानक बांधले जात होते. मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी. एका सकाळी ठेकेदाराचा सुपरवायझर घामाघूम होऊन आला. "साहेब, स्थानकाची भिंत जिथून जाणार तिथे देव आलाय! मजुरांनी काम टाकलं." आदल्या दिवशी तिथे नुसती चुन्याची रेघ होती. आता रेघेवर शेंदूर फासलेला दगड, फुले आणि फोडलेला नारळ.

स्टेशन डायरीला नोंद करून पंचनाम्याला गेलो. पंचांनी आधी चपला काढल्या. दगडाला टेप लावायला कोणी धजेना. हवालदाराने विचारले, "साहेब, देव लिहू की दगड?" मी म्हणालो, "शेंदूर लावलेला दगड लिहा." त्याने कान पकडून तसे लिहिले. मीही हात जोडले. उगाच शहाणपणा कशाला?

काम थांबल्याने कोणाचा फायदा, हा आमचा नेहमीचा पहिला प्रश्न. खबऱ्याने एका जमीनमालकाचे नाव आणले. त्याला दुपारभर बसवून ठेवले, पण स्थानक लवकर व्हावे म्हणून तोच सर्वांत उतावीळ निघाला.

गावात चौकशी केली तर वेगळीच गंमत. ज्याला विचारावे तो सांगे, "लय जुना द्येव हाय साहेब, आमच्या आज्यापासनं." एकाची हरवलेली म्हैस याच्याच कृपेने सापडली होती म्हणे. कालपरवाच्या देवाला एवढे साक्षीदार! मग मी प्रत्येकाला एकच विचारू लागलो, "याला पहिला नारळ कोणाच्या घरचा?" एकालाही घर सांगता येईना. मावळात कुठल्याही देवाचा मान कोणाचा, हे शेंबडे पोरही सांगते, आणि त्या मानावरून निदान एक भांडण तरी ठाण्याची पायरी चढतेच. इथे मानकरीही नाही आणि भांडणही नाही. देव नवा, एवढे पक्के झाले. आणला कोणी, ते मात्र कळेना.

म्हणून साध्या कपड्यांत समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. मोटारसायकलवाली पोरे छातीला हात लावून पुढे जात. गवंडी, भाजीवाल्या, सोसायटीतल्या बायका, सगळे दगडापाशी थांबत. न थांबता गेली ती एकच म्हातारी. डोंगराकडच्या वाडीतून सरपणाची मोळी घेऊन आली, दगडाला वळसा घातला आणि मान न वळवता निघून गेली. परततानाही तेच. माझे कुतूहल चाळवले.

तिला ठाण्यात बोलावले. महिला शिपायाने चहा दिला. मी विचारले, "मावशी, सगळे पाया पडतात, तुम्हीच कशा पडत नाही?"

"म्याच वढ्यातनं आणला, म्याच शेंदूर फासला. त्याच्या काय पाया पडू?"

इतकी सोपी चौकशी मी जन्मात केली नव्हती. "पण का आणलात?"

"भित झाली म्हंजी आमची वाट बंद. सुनेचं दिस भरत आल्यात. मागल्या टायमाला झोळीत घालून ह्याच वाटंनं खाली आणली, म्हनून जगली. दवाखान्याची गाडी वाडीवर चढत न्हाई. पल्याडच्या कारखान्याच्या रस्त्यानं वळसा घातला तर पोर वाटंतच व्हायचं."

"कोणाला सांगितलं नाहीत?"

"लय येळा सांगितलं. त्यो रेल्वेचा सायेब म्हनला, नकाशात वाट न्हाई. म्हनलं, वाटंला न्हाई म्हनत्यात, द्येवाला न्हाई म्हनत्यात का बघू." आणि वर म्हणाली, "आत टाकायचं तर टाका. पर बाळतपण हुंद्या."

सरकारी कामात अडथळा आणल्याचे कलम तिला सरळ लागत होते. पण खरे सांगतो, मला तिचे कौतुकच वाटले.

मी स्थानकाच्या तरुण अभियंत्याला आणि सुपरवायझरला बोलावले. आराखडा बदलता येत नाही, असे अभियंता म्हणाला. "मग दगड हलवा," मी म्हणालो. "बंदोबस्त मी देतो. पहार तुमच्या हातात." पहार घ्यायला दोघांपैकी कोणी तयार होईना. मग त्यांना त्याच पायवाटेने वाडीपर्यंत चढवत नेले. वर पोचल्यावर अभियंता धापा टाकत होता; बाळंतपणाला बायकांना झोळीतून याच वाटेने खाली नेतात, हे मी त्याला तिथे सांगितले. पोरगा सज्जन होता. त्याने वरिष्ठांशी भांडून भिंतीत दगडापाशी झोळी जाईल एवढी जागा सोडायला लावली आणि ठेकेदाराने तक्रार मागे घेतली. दगड कोणी आणला हे मी सांगितले नाही, त्यांनीही विचारले नाही.

सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला त्याच जागेतून खाली आणले. मुलगी झाली. चार दिवसांनी मावशी ठाण्याच्या दारात उभी. काखेत लुगड्याचे गाठोडे.

"झालं बाळतपण. चला सायेब, कुटं बसू?"

तक्रारच उरली नाही, हे तिला पटवताना माझी पुरेवाट झाली. अटक चुकवायला पळणारे मी आयुष्यभर पाहिले. दिलेला शब्द पाळून अटक व्हायला आलेली ही एकच. त्यानंतर कोणतीही तक्रार आली की हे कोणी केले, याच्या आधी तिथून रोज कोण ये-जा करते, ते मी विचारू लागलो.