नातीच्या गेममधलं माझं बिनदाराचं घर

बायांनो, आजचीच गोष्ट लिहिते.

माझी नात वैष्णवी कॉलेजात शिकते. सध्या मी तिच्याकडंच शहरात, सावेडीत हाय. तिनं एक गेम बनवलाय. त्यात आमचं शनिशिंगणापूर हाय, माझं बिनदाराचं घर हाय, माझ्या कोंबड्यासुद्धा हायत. लई गोड दिसतात!

आधी ती गेमला एकेक हुकूम सोडायची. दार लाव. कोंबडी आत घे. दिवा लाव. त्यानं गेम अडखळायचा. म्हणून तिनं सगळ्या हुकमांचं गाठोडं बांधलं, एकदम सोडायला. आज दुपारी सरांना दाखवायचं हुतं.

सकाळी म्हणाली, "आजी, तूच दाब बटण."

मी दाबलं, अन् सगळं गाव थिजलं! कोंबडीचा उचललेला पाय तसाच. पोरगी पांढरीफटक. म्हटलं, मोडलं मी पोरीचं काम.

लई वेळानं तिला सापडलं. "आजी, 'दार लाव' हा हुकूम तुझ्या घरापाशी अडला, तिथं लावायला दारच नाही, अन् त्याच्यामागं बाकीचे सगळे अडले. बसवू का एक दार?"

आता तर मी ओरडलेच, "अगं बया, शनिदेवाच्या गावात दार? नको!"

हसली. मग तिनं गाठोड्यालाच शिकवलं, दार नसंल तिथला हुकूम गाळायचा अन् पुढं जायचं.

पुन्हा मलाच बटण दाबायला लावलं. मी डोळे घट्ट मिटले. कोंबड्या ओरडल्या, तेव्हाच उघडले.

सर खूश झाले म्हणं. खरं सांगा, नातवंडांच्या यंत्राला हात लावताना तुमीपण अशाच भिता का?