सुनेची झोप

शेवटची आली त्या दिवशी आई-बाळाची विचारपूस करणारी ती बाई माझ्यासंगं ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली. लेकुरवाळ्या बायांच्या घरी ती अशीच पैसं न घेता फिरायची. पोराच्या आधी आईचं तोंड बघायची. का, ते मला कधी उमगलं न्हाई.

म्हणलं, "सून दिसभर रडती. तिला समजवा."

"बाबा, तिला झोप न्हाई."

"मंग झोपावं की! कुणी धरलंय?"

"तुम्ही. दारात सासरा बसलेला असताना सून आडवी कशी होईल?"

म्हातारी गेल्यापासून मी ओसरीवरच असतो. घर माझं, आन अडचण बी मीच?

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगता नातू खांद्यावर घेऊन मारुतीच्या पारावर गेलो. पोर रडाया लागलं. घरी जावं का न्हाई, कळंना. त्याला गूळ चाटवला आन बसून राह्यलो.