खड्ड्यातल्या मैदानाची जुरेमा

फोर्नाल्या क्लबचं मैदान वर नाही, खाली आहे. रस्त्यानं चालत गेलं की आधी नुसतं कुंपण लागतं, आणि मग एकदम जमीनच संपते. खोल खाली हिरवंगार गवत आणि भोवती लाल विटांच्या पायऱ्या. वीटभट्ट्यांनी वर्षानुवर्षं चिकणमाती उपसून केलेला हा खड्डा. भट्टीवरच्या मजुरांनी क्लब काढला तेव्हा फुकटात मिळण्याजोगी गावात एवढीच जागा होती. गिऱ्हाइकानं नाकारलेल्या वाकड्यातिकड्या विटा रचून त्यांनी पायऱ्या बांधल्या. जुरेमाचा बाप अनाक्लेतो त्या मजुरांतलाच. तो लेकीला सांगायचा, "राजधानीचे, पोर्तो आलेग्रेचे मोठे लोक इथं उतरताना मान खाली घालून उतरतात. चर्चमध्येसुद्धा एवढी घालत नाहीत!"

जुरेमा पोरवयातच भट्टीवर लागली. ट्रक भरताना बाया-माणसं ओळीनं उभी राहत आणि विटा हातोहात फेकत. एका फेकीत दोन विटा, एकीला एक चिकटून. झेलताना हात जरा मागं न्यायचा, नाहीतर बोटं फुटतात. जुरेमाच्या हातून वीट सुटलेली कुणी पाहिली नव्हती.

ती एकोणीस वर्षांची असताना फोर्नाल्या राज्याच्या अंतिम सामन्यात पोचला. विश्वासच बसत नव्हता कुणाचा. भट्टीवाल्यांचा संघ, आणि समोर राजधानीचा नावाजलेला क्लब! त्यातच दुसऱ्या गोलकीपरचं मनगट मोडलं. उरला एकटा अदाउतो. त्याला सरावात संघाचा मुख्य गोल मारणारा जेनेसियो याच्यासमोर उभं करायला प्रशिक्षक सेउ लाउरिंदो धजेनात. जेनेसियोचा डावा पाय म्हणजे खेचराची लाथ. सामन्याआधीच अदाउतो जायबंदी झाला तर संपलंच सगळं.

सेउ लाउरिंदो थेट भट्टीवर आले. त्यांनी ओळीतल्या जुरेमाला विटा झेलताना पाहिलं आणि मग अनाक्लेतोला म्हणाले, "तुझी मुलगी आठवडाभर दे मला."

"कशाला?"

"गोलात उभी करायला."

अनाक्लेतोनं मातेचा कडू चहा पिता पिता नळी तोंडातून काढली. "बाईमाणसाला फुटबॉल खेळायला कायद्यानं बंदी आहे, सेउ लाउरिंदो. पोलीस मला धरतील, तुम्हाला नाही."

"खेळायला बंदी आहे. कामाला नाही ना? भट्टीवर झेलते तेच तिथं झेलायचं."

बाप लेकीकडे बघायला लागला. जुरेमा केव्हाच हात धुऊन तयार होती.

संघ तिला पाहून खो खो हसला. जेनेसियो म्हणाला, "ताई, जरा बाजूला उभी राहा. लागलं तर तुझा होणारा नवरा मला मारेल."

"नवरा व्हायचाय अजून," जुरेमा म्हणाली. "आणि हा चेंडू विटेपेक्षा हलका आहे. मार."

पहिला फटका तिनं छातीशी धरला. पडली, गवतात घसरली, पण चेंडू सोडला नाही. दुसरा वरच्या कोपऱ्यात आला, तोही तिनं बोटांनी बाहेर ढकलला. हसू थांबलं. तिसरा, चौथा, दहावा. जेनेसियो चिडून लाल झाला. कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "बाई आहेस की भिंत?"

"भिंत बांधणाऱ्याची पोर."

खेळाडूंनी जेनेसियोला त्यावरून दिवसभर छेडलं. पण तो जिद्दीचा होता. संध्याकाळी सगळे घरी गेले तरी तो थांबला. ताकदीनं ही पोरगी हरत नाही, हे त्याला कळलं होतं. मग त्यानं चेंडूवरचा जोर कमी केला आणि तो जमिनीलगत, अगदी खांबाला घासून सोडायला लागला. आठवड्याच्या शेवटी असा एक फटका जुरेमाच्या बोटांखालून आत गेला. ती उताणी पडून आभाळाकडे बघत राहिली. जेनेसियोनं तिला हात देऊन उठवलं.

"हा कुणालाच अडवता येणार नाही," ती म्हणाली.

"तूच शिकवलास."

सामन्याच्या दिवशी खड्डा काठोकाठ भरला. पायऱ्यांवर जागा उरली नाही तेव्हा माणसं वरच्या निलगिरीच्या झाडांवर चढली. जुरेमा बायकांमध्ये आईशेजारी बसली होती. त्या खड्ड्यात आवाज बाहेर जायला वाट नसते. गाणं सुरू झालं की ते विटांवर आदळून परत येतं, पुन्हा आदळतं. एवढी माणसं एका श्वासानं गातात हे तिनं आजवर लांबूनच ऐकलं होतं. आज ते तिच्या बरगड्यांतून जात होतं. हे सगळं माझ्या बापानं आणि त्याच्या दोस्तांनी टाकाऊ विटांनी उभं केलं, या विचारानं तिचे डोळे भरून आले.

उत्तरार्ध संपत आला होता. जेनेसियोला चेंडू मिळाला. समोरचा गोलकीपर वरच्या कोपऱ्याकडे झेपावला, कारण जेनेसियो तिकडेच मारतो हे सगळ्या राज्याला ठाऊक होतं. चेंडू गेला खालून, खांबाला घासून.

खड्डा फुटला जणू. आई रडत होती, अनोळखी बायका एकमेकींचे मुके घेत होत्या. जुरेमा मात्र आपल्या तळहातांकडे बघत बसली होती. फोर्नाल्या राज्याचा विजेता झाला होता. वर्तमानपत्रांत फोटो आले, त्यात ती नव्हती. तिला त्याचं वाईटही वाटलं नाही. जेनेसियोला साओ पाउलोच्या क्लबनं नेलं. फोर्नाल्यानं नंतर आणखी दोनदा राज्य जिंकलं, राष्ट्रीय स्पर्धेतही खेळला, मग खालच्या श्रेणीत घसरला. एका वर्षी नदीचं पाणी खड्ड्यात शिरलं तेव्हा सगळं गाव बादल्या घेऊन उतरलं, जुरेमाही नवऱ्याला आणि मुलांना घेऊन उतरली. आपण कधीकाळी गोलात उभ्या राहिलो होतो हे ती घरात क्वचितच बोले. बोललीच तर नातवंडं हसत.

ती ऐंशीची झाली तेव्हा क्लबनं बायकांचा संघ काढला; बंदी केव्हाच उठली होती.

पहिल्या सामन्याला ती नात सिलेनीचा हात धरून पायऱ्या उतरली. लाल सदरे घातलेल्या अकरा बायका मैदानात आल्या आणि सगळा खड्डा उभा राहिला. जुरेमाला आधी वाटलं, आता कुणीतरी शिट्टी वाजवून यांना बाहेर काढणार. कुणीच काढलं नाही. गाणं सुरू झालं, तेच जुनं.

शेजारी काठी टेकून बसलेला म्हातारा तिला निरखत होता. तो अदाउतो होता, त्या साली विजेतेपद मिळवणारा गोलकीपर.

"जुरेमा? अनाक्लेतोची?"

"जिवंत आहेस अजून?" ती म्हणाली.

म्हातारा धडपडत उठला आणि भोवतालच्यांना ओरडून सांगायला लागला, "या बाईनं जेनेसियोला रडकुंडीला आणलं होतं! मी बाकावर बसून पाहिलंय! हिच्यामुळं तो कप आला!"

"बस खाली, पडशील," जुरेमा त्याचा सदरा ओढत म्हणाली.

सिलेनी आजीकडे आ वासून बघत होती. "आजी, म्हणजे ते खरं होतं?"

जुरेमानं मैदानाकडे बोट दाखवलं. समोर फोर्नाल्याची गोलकीपर, विशीतली उंच काळी पोरगी, हवेत आडवी झाली होती. चेंडू तिच्या दोन्ही हातांत येऊन थांबला, आणि हजारो लोकांनी तिचं नाव घेतलं. रायाने! रायाने!

म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. "बघ तरी," ती हळूच म्हणाली, "तिचं नाव घेतायत सगळे."