माझी पट्टी काळी तीन

दिग्रसला बसस्टँडच्या मागे माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. मशीनवर बसल्या बसल्या माझंच गाणं दिवसातून कितीदा तरी माझ्या कानावर येतं. कुणाच्या फोनची रिंग, कुणाच्या ऑटोतला स्पीकर. समोरच्या रसवंतीजवळ पोट्ट्या त्या गाण्यावर नाचतात अन् व्हिडिओ काढतात. परवा एक गिऱ्हाईक म्हणते, "ताई, तुमी त्या गाण्यावाल्या बाईसारख्याच दिसता." मी म्हटलं, "दिसत असंन. पण ते बाई मेली." बिचारी माप द्यायला आली होती, मापही न देता गेली.

आमची भीमगीतांची गायन पार्टी होती. पेटीवर मास्तर, एक ढोलकीवाला, एक बँजोवाला, कोरसला तिघी अन् पुढे मी. मास्तर शाळेतले नव्हेत, दिवसा जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधायचे. पण गाणी लिहायचे, चाली लावायचे, म्हणून मास्तर. पार्टीचे कपडे मी शिवायची. बायकांना निळ्या काठाची पांढरी साडी, पुरुषांना पांढरा कुडता अन् निळं जाकीट. जाकिटांचं कापड एकाच ताग्यातलं पाहिजे, यावरून मी दुकानदाराशी भांडलेली आहे. उद्या स्टेजवर दोन निळे दिसले तर हसणार कोणाला, त्याला की मला?

स्टेजच्या मागचा पडदा, मोठ्या पिंपळाचा, पेंटर चाचांनी रंगवला होता. दुकानांच्या पाट्या, ट्रकांची नावं, शाळांच्या भिंती, या गावात जे रंगवलेलं होतं ते बहुतेक त्यांच्या हातचं. मी मांजरपाटाचे पन्ने जोडत होती तेव्हा डोक्यावर उभे राहून म्हणाले, "बहन, सिलाई दिखनी नहीं मंगता. पेड़ के दो टुकड़े हो जाएँगे." मग मी शिवण बरोबर पिंपळाच्या खोडात घेतली अन् त्यांनी त्या शिवणीचीच साल केली. सांगितल्याशिवाय कुणाला दिसायची नाही.

आमच्या पार्टीची एक रीत होती. कार्यक्रमाआधी मास्तर मला स्टेजच्या बाजूला बोलवायचे अन् म्हणायचे, "हं, काढ." मी त्यांच्या कानाशी एक ओळ गुणगुणायची. मग ते पेटीवर बोट ठेवून पट्टी शोधायचे. पट्टी म्हणजे गाणं कोणत्या सुरापासून उचलायचं ते. माझी बहुतेक काळी तीन निघायची, म्हणजे पेटीचं तिसरं काळं बटण. कापसाच्या हंगामात हवेत रुईचा भुगा असतो, गळा धरतो, तेव्हा एक घर खाली, पांढरी चार. दुसऱ्या पार्ट्या उंच ताणायच्या, लोकांना उंच आवडतं म्हणून. मास्तर ऐकायचे नाहीत. "गळ्याले विचारल्याबिगर पेटीले हात नाई लावाचा," म्हणायचे.

मग डीजे आला. दारव्ह्याचं बोलावणं गेलं, आर्णीचं गेलं, शेवटी आमच्या स्वतःच्या वस्तीच्या मंडळानं जयंतीला डीजे सांगितला. चाचांचं तर आधीच आटोपलं होतं. फ्लेक्स आले अन् त्यांच्या हातातला ब्रश सुटला. आता ते छापून आलेले फ्लेक्स बांबूला बांधून देतात. ज्या हातांनी पिंपळ काढला ते हात सुतळी बांधून राह्यले. मला त्यांच्याकडे पाहवत नाही, म्हणून मी त्या रस्त्यानं जात नाही.

रेकॉर्डिंग करायचं हे मास्तरांच्याच डोक्यातून निघालं. "पोट्ट्यांच्या फोनात गाणं गेलं का पोट्टे आपल्याले बोलावतीन." गाणं निवडलं ते मास्तरांचंच. लेकीला पहिल्यांदा शाळेत सोडणाऱ्या आईचं. चार कडवी. चौथ्या कडव्यात आई लेकीचं पुस्तक उघडते अन् वाचता येत नाही म्हणून अक्षरांवरून नुसती बोटं फिरवते. त्या कडव्याला पेटी थांबायची, ढोलकी थांबायची, फक्त माझा गळा. आमच्या वस्तीतल्या बायका तिथं पदर तोंडाला लावायच्या. माझ्या शेजारणीला तर मी सांगून ठेवायची, आज समोर नको बसू बाप्पा, तुला पाहून मलाच रडू येतं.

यवतमाळला एका मोबाईलच्या दुकानावर ती खोली होती, तिला स्टुडिओ म्हणायचं. मी काळी तीनमध्ये गायली. चांगली गायली. थोड्या दिवसांनी गाणं फोनवर आलं. चौथं कडवं कापलेलं, लय दुडकी केलेली अन् माझा आवाज मशीननं उचलून काळी पाचवर नेऊन ठेवलेला. शेपटीवर पाय पडलेल्या मांजरीसारखा. मास्तरांनी फोन करून झापलं तर स्टुडिओवाला म्हणतो, "काका, होतं तसंच ठेवलं असतं तर कोणी ऐकलं असतं का?" ऐकलं ना लोकांनी. सगळ्यांनी ऐकलं.

बोलावणंही आलं. महागावला पहिला कार्यक्रम. मास्तर म्हणाले, "काढ." मी काढली. काळी तीन. पहिलं कडवं संपायच्या आत समोरून आवाज, "हे कॉपी आहे! ओरिजिनल म्हणा!" मायबाई! मी माझी कॉपी! मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी लोकांकडे पाहिलं. अन् आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गळ्याला न विचारता त्यांची बोटं काळी पाचवर सरकली. हळूच म्हणाले, "एक डाव ताण. जमन." मी ताणलं. दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला अन् पुढं नुसती हवा यायला लागली.

डॉक्टर म्हणाले स्वरयंत्राला सूज आहे, बोलूच नका. पुष्कळ दिवस मी गिऱ्हाइकांशी खुणांनी बोलली. आवाज परत आला, वरचा मात्र गेला. खालचा होता तसा आहे. मास्तरांनी पेटी चादरीत गुंडाळली अन् पुन्हा मला "काढ" म्हटलं नाही. मी त्यांना माफ केलं का? नाही. त्यांच्या घरी चहा पिते, पण माफ नाही केलं.

यंदा जयंतीच्या आधी मंडळाचे पोट्टे दुकानात आले. मोठं स्टेज, एलईडीची स्क्रीन, डीजे. "ताई, गाणं ट्रॅकवर वाजन. तुमी फक्त उभ्या राहा अन् ओठ हलवा. माइक बंद राहीन, टेन्शन नाई."

"बाहुली पाह्यजे तर जत्रेतून आणा," मी कात्री आपटली. "मले कायले विचारून राह्यले?"

"मंग नागपूरची पोट्टी सांगतो ताई. ड्रेस घालून तेबी हलवन ओठ."

माझा आवाज दुसरीच्या तोंडात! मी म्हटलं, येते. पण एक अट. ट्रॅक संपला की माइक चालू करायचा अन् चौथं कडवं मी माझ्या गळ्यानं म्हणणार. माझ्या पट्टीत, माझ्या लोकांसमोर. एकदा. मला बाकी काही नको होतं. "हाव ना ताई, त्यात काय!" म्हणाले. मी रीलमध्ये शोभेल असा चमकीचा घागरा शिवला, स्वतःच्या हातानं, नाक मुरडत. मास्तरांना सांगून आली. ते म्हणाले, "पेटी नाई आणत. येतो पण."

संध्याकाळी अवकाळीचे थेंब पडायला लागले. डीजेवाले साउंडचे डबे झाकायला काही सापडतं का म्हणून धावत होते. कुणीतरी विहारात ठेवलेला आमचा पिंपळाचा पडदा काढून आणला. फ्लेक्स बांधायला आलेले चाचा तिथंच होते. त्यांनी पडदा हातात घेतला, रंगाची बाजू आत केली अन् स्वतः डब्यांवर टाकला. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "चलो, किसी काम तो आया."

थेंब थांबले. मी वर गेली. ट्रॅक लागला, मी ओठ हलवले, समोर सगळी वस्ती नाचायला लागली. अन् दुसऱ्या कडव्याच्या मध्येच गाणं तुटलं. वायरीत पाणी गेलं की काय, माहीत नाही. एकदम शांत झालं. मी थांबली नाही. मनात म्हटलं, हीच वेळ. बंद माइक खाली केला अन् चौथं कडवं उचललं. काळी तीन. पाण्यासारखा निघाला आवाज, इतक्या दिवसांनी, कुठं अडला नाही. पुढच्या खुर्च्यांपर्यंत नक्की जात होता. पहिल्याच रांगेत मास्तर होते, त्यांची बोटं मांडीवर चालत होती.

"ए डीजे! गाणं लाव ना बे!" मागून आवाज आला. मग सगळीकडून. मी दुसरी ओळ घेतली. पुढच्या रांगेतल्या बायका माना वळवून मागे डीजेकडे पाहत होत्या. माझी शेजारीण, तीच ती, उभी राहून ओरडली, "अवो, आवाज गेला, आवाज!" तिनं मोबाईलची बत्ती लावली अन् डीजेवाल्यांच्या वायरींवर धरली.

मास्तरांनी मला हात वर करून खूण केली, पुढं म्हण. दोन ओळी राहिल्या होत्या, त्या पुस्तकावर बोटं फिरवायच्या.

मी नाही म्हटल्या. मी तोंड मिटलं अन् सगळ्यांसारखीच डीजेकडे पाहत, गाणं लागायची वाट पाहत उभी राहिली.