एका व्हेंटिलेटरसाठी चिठ्ठ्या

परवा आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पार्किंगच्या जागांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. डबा हलवताना कागदांची सळसळ ऐकली आणि मुलांनो, मला कोविडमधली एक दुपार आठवली. जवळच्या हॉस्पिटलने व्हेंटिलेटर आधी कोणाला द्यायचा, याचा नियम ठरवायला समिती नेमली होती. मी कॉलेजात नीतिशास्त्र शिकवलेलं, म्हणून मलाही बोलावलं होतं. एसी बंद, फिनेलचा उग्र वास, मास्कखाली घामाने ओला झालेला चेहरा. बैठक चालू असतानाच प्रश्न समोर आला: व्हेंटिलेटर एकच उरला होता आणि सारख्याच वयाचे, सारखेच अत्यवस्थ दोघे रुग्ण होते. “जो आधी आला त्याला देऊन टाकू ना, मॅडम,” हॉस्पिटलचा मॅनेजर म्हणाला. मी म्हटलं, “ज्याच्या दारात गाडी होती, तोच आधी आला. दुसऱ्याला विक्रोळीच्या चाळीतून आणायला रिक्षासुद्धा मिळत नव्हती.” “मग काय, चिठ्ठ्या टाकायच्या?” समितीतल्या डॉक्टरीणबाई वैतागल्या. “हो,” मी म्हटलं. शेवटी तेच ठरलं. चिठ्ठी डॉक्टरीणबाईंनीच काढली, आणि नाव निघालं ते गाडीवाल्याचंच. चाळीतल्या माणसाची मुलगी जिन्यात उभी होती. मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. “काकू, दोन्ही चिठ्ठ्यांची घडी सारखी होती ना?” तिने विचारलं. “सारखी होती गं, मीच घातली होती.” “मग ठीक आहे,” म्हणत ती पायरीवर बसली. संध्याकाळी तिचे वडील गेले. मी अजून शोधते आहे, पण त्याहून न्याय्य नियम मला सुचलेला नाही.