दोन हजारांवर एक रुपया

कळंबला आमचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती आणून टाकायचा, माझा नवरा तिच्यात तांब्याची नवी तार भरून द्यायचा आणि बिल उधारीवर जायचं. ती उधारी मागायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण नवऱ्याला मागता यायचं नाही. समोरच्याने ‘बघू की राव’ म्हटलं की उलट हाच त्याला चहा पाजायचा.

सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं माझ्या माहेरची, पिंपरी पेंढारची. मीच आणलेली. लग्नानंतर माहेरी मिरवायची हौस होती ना, मग आता भोगा. आळेफाट्याला एसटी सोडायची आणि पुढे जीपमध्ये कोंबून घेऊन जायचं. पण माहेरवाशीण दारात आली की ओटी भरल्याशिवाय तिला कुणी सोडत नाही. मी पैशांचा विषय काढायला तोंड उघडावं, तर समोर पाट मांडलेला. कपाळावर ओलं कुंकू आणि पदरात खण-नारळ घेऊन त्याच घराकडे पैसे कसे मागायचे? संध्याकाळी मी पिशवीभर खण आणि नारळ घेऊन परत. नवरा म्हणाला, मोटारींचं बंद करून खणांचंच दुकान काढू.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा एका दिवाळीत हे हसण्यावारी न्यायची सोय राहिली नाही. मागची बाकी आल्याशिवाय तार देणार नाही, असं पुण्याच्या व्यापाऱ्याने सांगून टाकलं. पुढे कांद्याच्या लागणी सुरू होणार, विजेचा दाब खालीवर होणार आणि मोटारी जळणार. आमचा वर्षाचा धंदा तेवढ्याच दिवसांत होत असे. तार मिळाली नसती तर दुकानाला कुलूपच लागलं असतं.

सगळ्यात मोठं बिल होतं माझ्या धाकट्या चुलतभावाचं. दोन हजार. मला सख्खा भाऊ नाही, ओवाळायला तो एकटाच. नवरा म्हणाला, भाऊबिजेला जातेच आहेस तर तेवढा विषय काढ. मी विचारलं, ओवाळता ओवाळता काढू का? त्यावर तो शांतपणे म्हणाला, नको, ओवाळून झाल्यावर.

मी ओवाळलं. भावाने मान खाली घालून नोटांची घडी ताटात टाकली आणि लगेच गोठ्याकडे निघून गेला. एरवी तो एक्कावन्न रुपये घालायचा. घरी येऊन मोजले, तर दोन हजार एक.

आमच्या घरात जुंपली. नवऱ्याच्या मते बिल फिटलं, रक्कम नेमकी तेवढीच आहे. सासूबाई म्हणाल्या, मग वरचा रुपया कसला? रुपया ओवाळणीवर असतो, बिलावर नसतो, आणि ओवाळणी म्हणजे बाईचे पैसे, दुकानाचा त्याच्याशी संबंध नाही. भावालाच विचारावं, तर तेही अवघड. ओवाळणी असली तर त्याची लाज काढल्यासारखं व्हायचं. ओवाळणी समजून गप्प बसावं, तर ज्याने बिल भरलं त्याच्याच दारात आम्ही पुन्हा वसुलीला जायचो. शेवटी उलगडा होईपर्यंत म्हणून सासूबाईंनी ते पैसे ताटासकट देव्हाऱ्यात ठेवले.

दुकानात जळक्या मोटारींचा ढीग लागला आणि तारेचे पैसे देवापुढे. नवरा कधी नव्हे तो रोज आंघोळ झाल्यावर देव्हाऱ्यासमोर बराच वेळ हात जोडून उभा राहायला लागला. सासूबाई तिथून हलत नव्हत्या. माझा मात्र जीव टांगणीला लागला होता, कारण भाऊ दुकानाकडे फिरकेनासा झाला. दुकान तर जाणारच, वर भाऊही गेला, असं मला वाटायला लागलं.

आणि एके सकाळी तो जळकी मोटर घेऊन आला. पण पायरी चढेना. रस्त्यावरच उभा राहून त्याने नवऱ्याला नमस्कार केला. नवरा माझ्याकडे बघायला लागला. मग माझं डोकं फिरलं. मी भर रस्त्यावर विचारलं, “ते पैसे कसले होते रे? बिलाचे का ओवाळणीचे?”

“बिलाचेच,” तो म्हणाला. “सणाच्या दिवशी बहिणीच्या हातावर हिशेब कसा टेकवायचा, म्हणून ताटात टाकले. दाजींचं फिटलं, पण तुझ्यासाठी रुपयाच उरला व्हता, ताई. लई लाज वाटली. म्हणून आलो न्हाई.”

ज्यांनी पै दिली नव्हती ते मला बाजारात हाका मारून चहा पाजत होते, आणि ज्याने सगळं फेडलं तो माझ्यापासून तोंड लपवत फिरत होता. मला त्याचा रागही आला आणि मायाही आली.

नवऱ्याने मात्र वेळ घालवला नाही. देव्हाऱ्यातले दोन हजार उचलून तो पुण्याची एसटी धरायला पळाला. सासूबाईंनी ताटात राहिलेला रुपया माझ्या हातावर ठेवला आणि भावासाठी पाट मांडला. मी त्याला म्हणाले, जेवल्याशिवाय जायचं नाही. तो चपला काढून आत आला.