बोरनहाणाला मुलं हवीत

बायको गेली त्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला लंडनमधल्या स्टॅनमोरच्या आमच्या घरात काही करायचं नव्हतं. वर्षाच्या आत आमच्याकडे सण करत नाहीत. पण समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारी पुण्याची मुलगी दारात येऊन म्हणाली, “काका, राग मानू नका. काकू असत्या तर त्यांनाच विचारलं असतं. पिल्लूचं बोरनहाण करायचंय. आमच्याकडे जागा नाही. आणि इथे मुलं कुठून आणू?”

सण आमचा नव्हता, त्या बाळाचा होता. जागेला मी हो म्हणालो. मुलांचं अवघड होतं. बाळाच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरं, गोळ्या ओतायच्या आणि भोवतीच्या पोरांनी त्या लुटायच्या. लुटायला कोणी नसेल तर ती नुसती सांडलवंड.

बायको पूर्वी इथल्या मराठी मंडळातल्या मुलांची बोरनहाणं आमच्याच हॉलमध्ये करायची. ती मुलं आता तिशीत आहेत. मी त्यांच्या आईवडिलांना एकेक फोन लावला. एकाची मुलगी म्हणते, आधी घर घेऊ. दुसऱ्याच्या मुलाने मांजर पाळलंय. माझ्या मुलाला आणि सुनेला मूल नकोच आहे. हे कधी ठरलं असेल, मी विचार करत राहिलो. कुणी भांडलं नाही, कुणी जाहीर केलं नाही. शेजारच्या इंग्रज आजींना विचारलं, तर रस्त्यावर शेवटची बाबागाडी कधी पाहिली हे त्यांनाही आठवेना.

शेवटी आले ते आमचेच जुने मित्र, बायकांसह. बोरांऐवजी द्राक्षं होती. समोरच्या मुलीने बाळाच्या डोक्यावरून वाटी ओतली. चुरमुरे कार्पेटवर पसरले आणि सगळे नुसते बघत राहिले. तिचा चेहरा उतरला.

तेवढ्यात आमचा एक मित्र, जन्मभर लोकांचे गुडघे बदलणारा निवृत्त सर्जन, सोफ्याला धरून खाली बसला. “सरका, ते चॉकलेट माझं!”

“अहो, डायबिटीस!” त्याची बायको ओरडली.

“आज मी पाच वर्षांचा आहे.”

मग सगळेच खाली आले. बाळाने एकदा आम्हाला नीट पाहून घेतलं आणि सर्जनच्या मुठीतलं चॉकलेट हिसकावलं. लॅपटॉपवरून पुण्याची आजी विचारत होती, “मुलं कुठायत गं?”

“ही काय, आई!”

“अगंबाई! मला वाटलं मीच म्हातारी!”

“झालं ना काका नीट?” मुलीने विचारलं.

“झालं,” मी म्हणालो.

मग उठायची वेळ आली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणी कुणाला उठवायचं ते कळेना. शेवटी तिने बाळाला सोफ्यावर ठेवलं आणि एकेकाला हात देत आम्हाला उभं केलं.